‘हमखास दिसेल ना?’

पत्रलेखक 27 वर्षांचे. रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याला त्यांची वाडी. मुंबईतली नोकरी करोनात सुटली, तेव्हापासून ते गावी आहेत. थोरल्या भावाने कर्ज काढून जुन्या घराला पाहुण्यांसाठी तीन खोल्या जोडल्या आणि पाहुण्यांना डोंगरात पक्षी दाखवायला नेण्याचं काम यांच्याकडे आलं. गेल्या पावसाळ्यात आगराखालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठात त्यांना तिबोटी खंड्याचं घरटं सापडलं. फोटो काढणाऱ्यांचा एक गट दोन दिवस त्याच्यासमोर बसून होता. कुणीतरी बिळावर ओघळलेले नेचे कापले. चार दिवसांनी घरटं ओस पडलेलं दिसलं. यंदा खंड्या पुन्हा त्याच काठात आला आहे. जुलैअखेरीस सहा जणांनी तिन्ही खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्या आहेत, 15 हजार आगाऊ पाठवले आहेत आणि फोनवर एकच गोष्ट विचारली: ‘नेस्ट हमखास दिसेल ना?’ हे ‘हो’ म्हणून बसले. आता लिहितात: ‘यंदा घरटं झालंच नाही असं खोटं सांगू का? गेल्या वर्षीची पिल्लं माझ्यामुळे मेली. दादाला हे कळणार नाही, त्याला फक्त हप्ता दिसतो. आणि मी नाही दाखवलं तर खालच्या वाडीतला कुणीतरी दाखवेलच. मग नुकसान मीच का सोसू?’

नमस्कार.

आधी खोट्याचं बघू, कारण ते लवकर मिटेल. खोटं बोलू नका. नीती-अनीती बाजूला ठेवा, ते पचणारच नाही. घरटं आहे हे दादांना ठाऊक, वहिनींना ठाऊक, वाडीतल्या पोरांना तर तुमच्याही आधी ठाऊक असणार. पडवीत चहा पिताना कुणीतरी बोलून जाईल. कुणी नाही बोललं तर खंड्याच बोलेल. पऱ्यावरून सुसाट जाताना तो जी बारीक, धारदार शीळ घालतो ती ज्याने एकदा ऐकली आहे, तो कॅमेरा उचलून उठलाच म्हणून समजा. मग सहा माणसं तुम्हाला न सांगता पऱ्यात उतरतील आणि काठ तुडवत बीळ शोधतील. गेल्या वर्षी निदान तुम्ही सोबत तरी होतात.

‘घरटं नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘घरटं दाखवत नाही’ असं म्हणा. पहिलं वाक्य तोंडातून सहज निघेल आणि तीन दिवस सांभाळत बसावं लागेल. दुसरं फक्त म्हणतानाच जड जाईल.

‘माझ्यामुळे मेली’ हे वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. ते तुम्ही समजता तितकं पक्कं नाही. पऱ्याच्या काठातलं बीळ म्हणजे पावसाळ्यातलं सगळ्यात भरवशाचं घर नव्हे. एका रात्रीच्या पावसात काठ खचतो, पाणी चढतं. धामण शिरते, घोरपड उकरते, मुंगूस हात घालतं. यातलं काहीही झालं असेल. नेचे कापल्यामुळे बिळाचं तोंड उघडं पडलं आणि यांतल्या कुणाचं तरी काम सोपं झालं, असंही असेल. तुमचा वाटा होता का? असेल. किती? ते कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. पण हा हिशेब लागेपर्यंत यंदाचा निर्णय थांबवायची गरज नाही, कारण त्या दोन दिवसांत काय घडत होतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त त्याचा अर्थ लावला नाहीत.

तुम्ही लिहिता, ‘पक्षी घाबरला नव्हता, उलट समोरच्या काटकीवर पाच-पाच मिनिटं छान बसायचा, चोचीत कधी सरड्याचं पिल्लू, कधी खेकडा. सगळ्यांना सुंदर फोटो मिळाले.’

आता जरा वाचकांसाठी सांगते, कारण सगळ्यांनी हा पक्षी पाहिलेला नसेल. तिबोटी खंड्या चिमणीपेक्षाही लहान. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळं-नारिंगी, चोच लालभडक, पायाला चाराऐवजी तीन बोटं, म्हणून हे नाव. कोकणात तो पावसाबरोबर येतो, ओढ्याच्या काठात हातभर, कधी त्याहून लांब आडवं बीळ खणतो, त्यात अंडी घालतो, नर-मादी दोघं मिळून पिल्लं वाढवतात आणि पाऊस सरता सरता निघून जातात. एवढ्या चिमुकल्या पक्ष्याची चार-पाच पिल्लं बिळाच्या अंधारात तोंड उघडून बसलेली असतात. त्याला दिवसभर खेपा घालाव्या लागतात. तो भक्ष्य धरतो, काटकीवर आपटून मऊ करतो, थेट बिळात शिरतो, देतो, बाहेर पडतो. हे सगळं इतकं झटपट होतं की धड फोटोही मिळत नाही.

मग पाच मिनिटं चोचीत खेकडा धरून तो बसला होता कशासाठी? तुम्ही समोर होतात म्हणून. बिळाची वाट त्याला दाखवायची नव्हती. ज्या फोटोंची एवढी तारीफ होते, सुंदर काटकी, मागे हिरवं धूसर, चोचीत शिकार, त्यातले कितीतरी फोटो थांबवून धरलेल्या पक्ष्याचे असतात. खेकडा चोचीत आहे याचा अर्थ तो अजून पिल्लाच्या पोटात गेलेला नाही.

माझ्याकडेही असा एक फोटो आहे. नवरंगाचा, चोचीत चार-पाच गांडुळं लोंबत आहेत. काढला माझ्या मित्राने, पण दीड तास त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते ती मी. तेव्हा मला वाटलं होतं, किती शांत पक्षी आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. घरट्यापाशी कुणालाही नेऊ नका. ‘दहाच मिनिटं, लांबून, फ्लॅश न वापरता’ असा मधला मार्गही नको. तो मार्ग सगळीकडेच वाईट असतो असं नाही, पण तुमच्या बाबतीत तो टिकणार नाही, आणि याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. पाहुणे तुम्हाला ‘अरे’ म्हणतात, तुम्ही त्यांना ‘सर’ म्हणता. सहा तास गाडी चालवून, पावसात भिजत, लाखाची लेन्स घेऊन आलेल्या सरांना अकराव्या मिनिटाला ‘उठा’ म्हणायची ताकद 27 वर्षांच्या यजमानात नसते. माझ्यातही नसती. ते म्हणतील, ‘अरे, एकच फ्रेम, झालंच.’ गेल्या वर्षी नेचे कापताना तुम्ही काही बोललात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही.

जे पऱ्यात उभं राहून म्हणता येत नाही ते फोनवर म्हणता येतं. म्हणून फोन आताच करा, अगदी या आठवड्यात. पाहुणे दारात आल्यावर नव्हे. शब्द साधारण असे ठेवा: ‘सर, तुम्ही नेस्टबद्दल विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो, ते माझं चुकलं. पिल्लं असताना घरट्यापाशी आम्ही कुणालाच नेत नाही. खंड्या पऱ्यावर भक्ष्य धरायला येतो, ती जागा लांबून दाखवेन. दिसला तर दिसला. हे चालणार नसेल तर पूर्ण रक्कम आजच परत पाठवतो.’ मग हेच मेसेजवरही पाठवा. ‘माझं चुकलं’ हे शब्द गाळू नका. त्याने समोरच्याचा राग निम्मा उतरतो, आणि ते खरंही आहे.

बुकिंग रद्द होईल? होऊ शकतं. तीन खोल्या, तीन रात्री, भर पावसाळा. हे नुकसान मी गोड करून सांगणार नाही, आणि म्हणूनच हा निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचा नाही.

आता दादांकडे येते. ‘त्याला फक्त हप्ता दिसतो’ असं तुम्ही लिहिता. पण कर्जाच्या कागदावर सही कुणाची आहे? तुम्ही दुर्बीण गळ्यात घालून डोंगरात असता तेव्हा लावणीच्या चिखलात कोण असतं? तुमची ही आवड पोट भरणारा धंदा होऊ शकते यावर घरात सगळ्यात आधी पैसे लावले ते या माणसाने. त्यांना हप्ता दिसतो, कारण कुणाला तरी तो दिसायलाच हवा. पक्ष्याचं त्यांना काही नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलं? पत्रभर शोधलं, तुम्ही त्यांना नीट सांगितल्याचं कुठे दिसलं नाही. ‘दाखवू नको वाटतं’ एवढं म्हणालात, त्यांनी ‘दाखव’ म्हटलं, तुम्ही गप्प झालात. याला बोलणं म्हणत नाहीत.

एक करा. पाऊस उघडेल त्या सकाळी दादांना घेऊन पऱ्याच्या वरच्या अंगाला, आगराच्या गडग्याआड बसा. बिळापासून इतकं दूर की दुर्बिणीशिवाय बीळ दिसूच नये. एक तास बसायचं आणि मोजायचं, पक्षी किती वेळा चोचीत काही घेऊन आला आणि आल्यावर आत शिरायला त्याला किती वेळ लागला. वहीत लिहा. तो काटकीवर घुटमळत असेल, मान वरखाली करत ओरडत असेल, तर तुम्ही अजून जवळ आहात, मागे सरका. त्या एका तासाचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या फोटोंवरच्या वेळा (कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ टाकतो, गटातल्या कुणीतरी तुम्हाला फोटो पाठवले असतीलच) शेजारी ठेवा. दोन फोटोंत त्याच काटकीवर तोच खेकडा असेल तर मधली मिनिटं मोजा. शेतकरी माणसाला यापुढे समजावून सांगावं लागणार नाही. वैरण वेळेवर नाही पडली तर गोठ्यात काय होतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग पैशाचं बोला, दोघं बसून, वहिनींना घेऊन. जेवणाखाण्याचा हिशेब बहुधा त्यांच्याकडे असतो, आणि पाहुणे पुन्हा का येतात हे त्यांना नेमकं माहीत असतं.

‘पाहुणे येतात ते घरट्यासाठीच’ हे तुमचं गृहीतही एकदा तपासा. गेल्या दोन वर्षांतले किती पाहुणे घरटं विचारत आले? तुम्हीच लिहिता की एक गट गेल्या वर्षी आणि एक यंदा. बाकीचे कशासाठी आले होते? तुम्ही दोन मोठी, बोलकी गिऱ्हाइकं बघताय आणि त्यालाच धंदा समजताय. मुळात गडबड झाली ती ‘हमखास’ या शब्दापाशी. तो तुमच्या हातचा मालच नव्हे. खोली हमखास देता येते, गरम पाणी, घावणे, कुळथाचं पिठलं हमखास देता येतं. रानातला पक्षी नाही.

हमीशिवाय लोक येत नाहीत असं वाटत असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी किनाऱ्यावरची ही अंडी उकरून नेली जायची. आज कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्याच घरात उतरतात, त्यांच्याच ओसरीवर जेवतात. सकाळ-संध्याकाळ राखलेल्या घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली पिल्लांची लगबग असते, कधी नुसती वाळू. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पिल्लांना हात लावायचा नाही, हे तिथे ठरलेलं आहे आणि माणसं ते पाळतात. कारण नियम एका पोराचा नसतो, गावाचा असतो.

तुमच्या वाडीलाही हे नवीन नाही. देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, कोयता चालवायचा नाही, हे तिथे येणाऱ्या कुठल्या पाहुण्याला पटवून द्यावं लागतं का? ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढं पुरतं. घरट्याचंही तसंच म्हणा. ‘मला वाटतं’ म्हणू नका, ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणा.

खालच्या वाडीतला दाखवेल, ही भीती मात्र खरी आहे. ती मनात ठेवू नका, त्याच्याकडे जा. पक्षी दाखवणारी अशी तीन-चारच घरं असतील ना तुमच्या पंचक्रोशीत? एकदा चहाला बसा. तोही हेच म्हणत असेल, ‘मी नाही तर वरच्या वाडीतला दाखवेल.’ सगळ्यांनी मिळून एक ठरवलं तर गिऱ्हाईक एका दारातून दुसऱ्या दारात जाऊन काही उपयोग नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बऱ्याच ठिकाणी कागदावरच. तुमच्याकडे ती जागी असेल तर तिच्यातून ठराव करून घ्या, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला एक कागद होईल. आणि फारच कुणी हट्टाला पेटलं तर हेही माहीत असू द्या की 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं धरलेलं आहे. पण हे शेवटचं हत्यार. पहिल्या फोनवर कायदा काढलात तर सर फोन ठेवतील आणि दुसरीकडे जातील.

ते सहा जण आलेच, तर तीन दिवस काय दाखवाल? मला तर तुमचा हेवा वाटतो.

पहाटे खोलीच्या मागेच शीळकरी कस्तुर गात असेल. घाईत नसलेला माणूस चाल विसरत, आठवत शीळ घालत जावा तसा. पहिला दिवस नुसता त्याच्यावर काढता येतो, अंधारात, चहाचा कप हातात धरून. घाटाच्या वाटेला नवरंगाची दुपदरी शीळ ऐकू येईल. तिथे मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, हे आधीच सांगा. दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून तो हातातलं काम टाकून भांडायला येतो, आणि इथे कुणीच नसतं. उंबराला फळं असतील तर त्याखाली गप्प बसा, धनेश येण्याची शक्यता असते. खंड्यासाठी पऱ्याच्या वरच्या वळणावर, बिळापासून दूर, जुनी घोंगडी बांधून आडोसा करा आणि एका वेळी दोघांनाच बसवा. संध्याकाळी खाडीच्या बाजूला उतरलात तर समुद्री गरुडाची आशा धरायला हरकत नाही. डोंगर-समुद्र एका दिवसात बघता येणं ही कोकणाची चैन आहे, ती पाहुण्यांना भोगू द्या.

आणि घरटं बघायचंच असेल तर सुगरणीचं दाखवा. ऐन पावसात, विहिरीवर वाकलेल्या झाडाला, नाहीतर माडाच्या झावळीला लटकलेली वसाहत तुमच्या आसपास असणारच. तिथे उघड्यावर, रस्त्यावरून, लांबून सगळा संसार दिसतो. आपण नाव दिलं सुगरण, पण विणतो तो नर (यावर वहिनी काय म्हणतात तेही पाहुण्यांना ऐकू द्या). तो अर्धं घरटं विणून मादीला बोलावतो, ती आत शिरून पारखते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाही पडलं तर ते तसंच लोंबत राहतं. आणि एक संसार मार्गी लागला की हे महाशय दुसरं घरटं विणायला घेतात, दुसरीसाठी. हे कोडं सलीम अलींनी सोडवलं ते अलिबागजवळच्या किहीममध्ये, 1930च्या पावसाळ्यात. परदेशातून शिकून आले तर इथली नोकरी पैशाअभावी बंद झालेली. गेले किहीमला, आणि घराजवळची सुगरणींची एक वसाहत बघत बसले. नोकरी सुटून कोकणात आलेल्या माणसाने पक्षी बघत बसावं, याला असा आधार आहे. दादांना हेही सांगून बघा, पण हप्त्याची तारीख उलटल्यावर नको.

आता बारीकसारीक. बुकिंग घेतानाच चार ओळी लिहून पाठवत जा: घरटी दाखवत नाही, आवाज लावत नाही, फोटो टाकताना वाडीचं नाव आणि नकाशातली जागा टाकायची नाही, दरड किंवा पुरामुळे रस्ता बंद झाला तर तारीख बदलून देऊ. 22 जुलै 2021ला चिपळूणने काय पाहिलं ते पाहता ही शेवटची ओळ तुमच्याच भल्याची आहे. ‘पिल्लं उडाल्यावर फोन करतो’ अशा पाहुण्यांची एक यादी ठेवा. बिळाबाहेर पडलेली पिल्लं काही दिवस आई-बापांच्या मागे पऱ्यावर फिरतात. ती सापडली तर दाखवा, अंतर ठेवून, आणि सापडली नाहीत तर तेही सांगून टाका.

तुमच्यासारख्यांच्या घरी उतरणाऱ्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. फोन केलात की ‘काय दिसेल?’ विचारा, ‘हमखास दिसेल ना?’ विचारू नका. समोरच्या पोराला नाही म्हणता येत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. कुणी स्वतःहून घरट्यासमोर नेऊन बसवू लागला तर ‘नको, दुसरं काही दाखव’ असं तुम्हीच म्हणा. पैसे मात्र ठरलेले पूर्ण द्या.

फोन दादांना शेजारी बसवून करा, स्पीकरवर. आणि समोरून ‘नको मग’ असं आलं तर 15 हजार पूर्णच्या पूर्ण, त्याच दिवशी परत करा. त्यातून काहीही कापू नका.